पेट स्कॅनमध्ये सगळे दिसले, तरी बायोप्सी का? फुप्फुसाच्या कर्करोगाची स्टेज चित्रांवरून कशी ठरते

आपण लिहिले आहे की वडिलांचे वय ६२ आहे, तीस वर्षे धूम्रपान झाले आहे आणि तरुणपणी क्षयरोगाचे उपचार पूर्ण झालेले आहेत. दोन महिने न थांबलेल्या खोकल्यासाठी काढलेल्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली दिसली. सीटी स्कॅनमध्ये तिथे काटेरी कडांची ३.४ सें.मी.ची गाठ, श्वासनलिकेच्या उजव्या बाजूला १.३ सें.मी.चा लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) आणि डाव्या मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत १.८ सें.मी.ची छोटी गाठ सापडली. पेट स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या गाठीचा एसयूव्ही (चमकेचे माप) ११, नोडचा ५ आणि अ‍ॅड्रिनलचा ३ आला, आणि रिपोर्टच्या शेवटी ‘मेटास्टॅसिसची शक्यता, स्टेज ४’, म्हणजे रोग दूरच्या अवयवात पसरल्याची शक्यता, असे छापले आहे. आता डॉक्टर बायोप्सी (सुईने नमुना काढून तपासणे) आणि मेंदूचा एमआरआय करायला सांगत आहेत. सगळे दिसून चुकले असताना आणखी तपासण्या कशासाठी, सुई लावल्याने रोग पसरणार नाही ना, आणि मागच्या वर्षीचा एक्स-रे नॉर्मल कसा होता, हे आपले प्रश्न आहेत.

मी गेली बावीस वर्षे छातीचे सीटी आणि पेट स्कॅन वाचण्याचे काम करते. वडिलांची चित्रे मी पाहिलेली नाहीत. आपण दिलेल्या आकड्यांवरूनच लिहीत आहे, त्यामुळे त्यांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दाहून वरचा मानावा. तरीही एक गोष्ट ठामपणे सांगता येते. वडिलांची स्टेज अजून ठरलेली नाही. ‘स्टेज ४’ हे शब्द छापलेले असले तरी ती शक्यता आहे, आणि ती सगळी शक्यता अ‍ॅड्रिनलमधल्या त्या १.८ सें.मी.च्या गाठीवर उभी आहे.

स्टेज टी, एन आणि एम या तीन अक्षरांनी ठरते. मूळ गाठ केवढी आहे आणि कुठवर घुसली आहे ते टी सांगते. छातीतल्या कोणत्या लिम्फ नोडपर्यंत रोग पोचला ते एन सांगते. दुसरे फुप्फुस, फुप्फुसाचे आवरण किंवा छातीबाहेरचा एखादा अवयव यांत तो गेला आहे का ते एम सांगते. वडिलांची गाठ ३ सें.मी.हून मोठी आणि ४ सें.मी.च्या आत आहे, म्हणजे आकाराने टी२ए. श्वासनलिकेशेजारचा त्याच बाजूचा नोड रोगाचा असेल तर एन२. अ‍ॅड्रिनलमधली एकुलती एक गाठ रोगाची असेल तर एम१बी. आता हिशेब करून पाहा. नोड आणि अ‍ॅड्रिनल दोन्ही निर्दोष निघाले तर रोग स्टेज १बी ठरतो, आणि फुप्फुसांची ताकद पुरेशी असेल तर शस्त्रक्रियेचा विचार सर्वांत आधी होतो. फक्त नोड रोगाचा निघाला तर स्टेज ३ए, जिथे औषधे, रेडिएशन आणि शस्त्रक्रिया यांची सांगड तज्ज्ञांनी एकत्र बसून घालावी लागते. अ‍ॅड्रिनल रोगाची निघाली तर नोडचे काहीही असो, स्टेज ४ए. म्हणजे एकाच माणसाच्या त्याच चित्रांमध्ये बरे होण्याच्या चांगल्या आशेपासून दीर्घकाळ औषधांवर रोग आटोक्यात ठेवण्यापर्यंतच्या तिन्ही वाटा आज उघड्या आहेत, आणि त्यांपैकी खरी कोणती हे चित्र स्वतःहून सांगू शकत नाही. डॉक्टर मागत असलेली बायोप्सी याच जागी उपयोगाची आहे.

(२०२५ पासून या वर्गीकरणाची नववी आवृत्ती वापरात आली आहे. तिच्यात एन२चे दोन भाग झाले आहेत: एकाच ठिकाणचे नोड असतील तर एन२ए, एकाहून अधिक ठिकाणचे असतील तर एन२बी. वडिलांच्या बाबतीत पहिल्याने स्टेज ३ए राहते, दुसऱ्याने ३बी होते. म्हणून ‘नोड आहे’ एवढ्यावर न थांबता तो कोणत्या आणि किती ठिकाणी आहे हे नेमके विचारावे.)

आता मूळ गाठीकडे येऊ. सीटीमध्ये अशा गाठीच्या कडेने सूर्यकिरणांसारख्या बारीक रेषा आजूबाजूच्या फुप्फुसात शिरलेल्या दिसतात. काटेरी कड म्हणतात ती हीच. वरच्या भागातली जागा, धूम्रपानाचा इतिहास, वय, ३ सें.मी.हून मोठा आकार आणि पेटमधला ११ हा आकडा हे सगळे एका दिशेने बोट दाखवत आहे, आणि ही गाठ कर्करोगाचीच असण्याची शक्यता मोठी आहे हे मी आपल्यापासून लपवणार नाही. मात्र क्षयरोगाची जुनी किंवा पुन्हा जागी झालेली गाठही वरच्याच भागात बसते, तिच्याही कडा काटेरी असू शकतात आणि तीही पेटमध्ये तितकीच उजळते. गाठीच्या मधोमध किंवा थराथराने कॅल्शियम साचलेले दिसले, किंवा आत चरबी दिसली, तर आम्ही निर्धास्तपणे निरुपद्रवी म्हणू शकतो. कडेला एखादा ठिपका कॅल्शियम असणे मात्र दिलासा देत नाही. आपल्या रिपोर्टमध्ये यांतले काही लिहिलेले दिसत नाही.

मागच्या वर्षीच्या एक्स-रेबद्दल आपण जे लिहिले त्यात स्वतःला दोष दिल्याचा सूर आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. कर्करोगाच्या गाठीचे घनफळ दुप्पट व्हायला साधारणपणे एका महिन्यापासून एका वर्षापर्यंत काळ लागतो. तो १०० दिवस धरला तर आज ३.४ सें.मी. असलेली गाठ वर्षापूर्वी साधारण दीड सें.मी.ची असणार. फुप्फुसाच्या शेंड्याजवळ गळ्याचे हाड आणि पहिली बरगडी एकमेकांवर येतात, आणि त्या गर्दीत दीड सें.मी.ची फिकट सावली अनुभवी डोळ्यांनाही निसटते. हृदयाच्या मागे आणि फुप्फुसाच्या मुळाशीही असेच होते. एक्स-रे सगळी छाती एका पानावर दाबून दाखवतो, सीटी तीच छाती मिलिमीटर जाडीच्या कापांमध्ये उलगडतो. दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांमध्ये कमी मात्रेच्या सीटीने तपासणी केल्यास, एक्स-रेच्या तुलनेत, फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसले ते यामुळेच. आपण वडिलांना वेळेवर नेलेत. कमी पडली ती त्या तपासणीची नजर.

पेट स्कॅनविषयी बहुतेकांचा समज असा असतो की तो कर्करोग दाखवतो. प्रत्यक्षात तो साखरेची भूक दाखवतो. उपाशीपोटी आलेल्या रुग्णाला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेल्या ग्लुकोजचे इंजेक्शन दिले जाते, साधारण तासभर शांत पडून राहायला सांगितले जाते, आणि शरीरात कुठे किती ग्लुकोज ओढले गेले ते मग मोजले जाते. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात हे खरे, पण क्षयरोग, बुरशीचा संसर्ग, सार्कॉइडोसिस किंवा नुकताच झालेला न्यूमोनिया यांतल्या झगडणाऱ्या पेशीही तेच करतात. उलट काही सावकाश वाढणारे कर्करोग, कार्सिनॉइड गाठी आणि ८ मि.मी.च्या आतल्या बारीक गाठी पेटमध्ये उजळतच नाहीत. एसयूव्हीचा आकडाही पक्का नसतो. रक्तातली साखर, इंजेक्शननंतर गेलेला वेळ आणि गाठीचा आकार यांनी तो बदलतो. अमुक आकड्याच्या वर कर्करोग आणि खाली नाही, अशी रेघ मी बावीस वर्षांत कधीच ओढू शकलेले नाही.

श्वासनलिकेशेजारच्या नोडला हे सगळे लागू पडते. सीटीवर नोडची लहान बाजू १० मि.मी.हून जास्त भरली की आम्ही तो वाढलेला म्हणतो, त्यामुळे १.३ सें.मी. हे माप लांब बाजूचे आहे की लहान बाजूचे हे आधी विचारून घ्या. पण आकार हा दुबळा साक्षीदार आहे. मोठे नोड निर्दोष निघतात आणि लहान नोडमध्ये रोग सापडतो. पेटमुळे अंदाज बराच सुधारतो, तरी क्षयरोग होऊन गेलेल्या माणसाच्या छातीत एसयूव्ही ५ असलेला नोड जुन्या सुजेचाही असू शकतो. इथे मी दोन गोष्टी पाहीन: त्या नोडमध्ये कॅल्शियम आहे का, आणि दोन्ही बाजूंच्या नोडमध्ये सारखीच चमक आहे का. दोन्ही बाजू सारख्या उजळल्या असतील तर सुजेकडे माझा कल जास्त राहील. फक्त गाठीच्याच बाजूचा एक नोड उजळला असेल तर रोगाकडे. कल म्हणजे निदान मात्र होत नाही. मूळ गाठ ३ सें.मी.हून मोठी असेल तर पेटमध्ये नोड शांत दिसले तरी ते सुईने तपासून घ्यावेत, अशी पद्धत आहे. वडिलांचा नोड तर उजळलेलाच आहे.

अ‍ॅड्रिनलवर मी सर्वांत जास्त वेळ घालवीन, कारण स्टेज ४ हा शब्द तिथून आला आहे. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या या छोट्या ग्रंथीत वयानुसार अनेकांना अ‍ॅडिनोमा नावाची निरुपद्रवी गाठ होते आणि आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. फुप्फुसाचा कर्करोग ज्या अवयवांत पसरतो त्यांतही अ‍ॅड्रिनल आहे. मेंदू, हाडे आणि यकृत हे बाकीचे. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, आणि सुदैवाने दोन्हींमध्ये फरक करण्याचा एक साधा मार्ग आहे. अ‍ॅडिनोमाच्या पेशींमध्ये चरबी भरलेली असते, त्यामुळे डाय (चित्र ठळक करणारे औषध) न देता काढलेल्या सीटीत तिची घनता कमी भरते. पडद्यावर गाठीच्या मधोमध माऊसने एक छोटे वर्तुळ काढले की त्याखाली एक आकडा उमटतो. पाण्याला शून्य आणि हवेला उणे हजार मानणारे हे हाउन्सफील्डचे मोजमाप आहे. तो आकडा १० किंवा त्याहून कमी आला तर ती गाठ अ‍ॅडिनोमाच असल्याचे बहुतेक वेळा मानता येते. १०च्या वर आला तर लगेच रोग सिद्ध होत नाही, कारण काही अ‍ॅडिनोमात चरबी कमी असते. अशा वेळी एमआरआयचा एक खास प्रकार किंवा सुई मदतीला येते.

वडिलांचा छातीचा सीटी बहुधा डाय देऊन झाला असेल, आणि त्यात हे मोजमाप निरुपयोगी ठरते. पण पेट स्कॅनबरोबर जो सीटी काढतात तो पुष्कळ केंद्रांमध्ये डायशिवाय असतो. तसा असेल तर हा आकडा नवी कोणतीही तपासणी न करता, आपल्या हातातल्या सीडीवरूनच मोजता येईल. तो मोजला गेला आहे का, आणि अ‍ॅड्रिनलची चमक यकृताच्या चमकेहून जास्त आहे की तेवढीच, हे दोन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. एसयूव्ही ३ हा आकडा पुष्कळदा यकृताच्या आसपासचाच असतो, आणि तेवढी चमक अ‍ॅडिनोमातही दिसते.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ दुसऱ्या मतासाठी आमच्याकडे आले होते. फुप्फुसात ३ सें.मी.ची गाठ, डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये १६ मि.मी.ची, आणि आधीच्या एका केंद्राच्या रिपोर्टमध्ये ती रोगाचा प्रसार म्हणून लिहिलेली. शस्त्रक्रिया होणार नाही असे घरच्यांना सांगूनही झाले होते. पोटाचा स्कॅन पूर्वी कधी झाला होता का, असे मी त्यांच्या पत्नीला विचारले. सहा वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी झाला होता. दुसऱ्या दिवशी त्या कपाटातले पिवळे पडलेले पाकीट घेऊन आल्या. फिल्म काचेच्या दिव्यावर लावली, आणि तळाच्या ओळीत, मूत्रपिंडाच्या अगदी वर, तीच गाठ त्याच जागी तेवढ्याच मापाची होती. सहा वर्षे जागची न हललेली गाठ कर्करोगाचा प्रसार असू शकत नाही. त्या गृहस्थांचे नोडही तपासणीत निर्दोष निघाले आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. याच्या उलटही मी पाहिले आहे: अ‍ॅड्रिनलची सुई रोगाची निघाली आणि माणूस छातीच्या एका मोठ्या, निरर्थक शस्त्रक्रियेतून वाचला. दोन्ही वेळा माणसाचे भले झाले, कारण एका सावलीवर सगळे ठरत असताना ती सावली कशाची हे आधी तपासले गेले. वडिलांच्या पोटाची किंवा छातीची जुनी फिल्म, सीडी, साधा रिपोर्टसुद्धा, घरात असेल तर आजच शोधून काढा.

आता सुई कुठे घालायची. आमचा नियम असा की रोग सर्वांत पुढच्या स्टेजला आहे हे जिथून सिद्ध होऊ शकेल आणि जिथे पोचणे सुरक्षित असेल, ती जागा आधी निवडावी. एकाच सुईत निदान आणि स्टेज दोन्ही मिळावीत हा त्यामागचा हेतू आहे. फुप्फुसातल्या गाठीत सुई घातली तर कर्करोग कोणता ते कळेल, पण स्टेजचा प्रश्न तसाच राहील. श्वासनलिकेशेजारचा नोड ईबस या दुर्बिणीने गाठता येतो; तिच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो, त्यामुळे श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडचा नोड डोळ्यांसमोर ठेवून सुई घालता येते. डावी अ‍ॅड्रिनल जठराला अगदी लागून असते, म्हणून तिच्याबद्दलची शंका डायविना काढलेल्या सीटीने मिटली नाही तर तशीच दुर्बीण अन्ननलिकेतून जठरापर्यंत नेऊन तिचाही नमुना घेता येतो, आणि अनुभवी हातांत हे एकाच बैठकीत होऊ शकते. नोडमध्येच रोग सापडला तर फुप्फुसात वेगळी सुई घालण्याची गरजही पुष्कळदा उरत नाही. नमुना भरपूर घ्यायला सांगा, कारण कर्करोग स्मॉल सेल की नॉन-स्मॉल सेल या दोन मुख्य प्रकारांपैकी कोणता हे ठरल्यावर, औषध निवडण्यासाठी ईजीएफआर, एएलके आणि पीडी-एल१ यांसारख्या चाचण्या त्याच तुकड्यावर कराव्या लागतात, आणि नमुना अपुरा पडला की सगळे पुन्हा करावे लागते.

सुई लावली की गाठ चवताळते आणि पसरते, ही भीती मी जवळजवळ रोज ऐकते. सुईच्या मार्गावर पेशी रुजण्याचे प्रकार नोंदलेले आहेत, पण ते अत्यंत दुर्मीळ आहेत, आणि प्रसार न तपासता चुकीच्या स्टेजचे उपचार सुरू होण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. खरा विचार करण्याजोगा धोका वेगळा आहे. छातीतून सुई घालून फुप्फुसाची बायोप्सी केली तर साधारण पाचांपैकी एकाच्या फुप्फुसाभोवती थोडी हवा साचते. बहुतेकांची ती आपोआप जिरते, काहींना एक-दोन दिवस नळी ठेवावी लागते. धूम्रपानाने फुप्फुसे फुगलेली असतील तर हा धोका वाढतो. ईबसने नोड गाठण्यात हा धोका जवळपास नसतो, हेही तो मार्ग आधी निवडण्याचे एक कारण आहे. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर तपासणीआधी डॉक्टरांना नक्की सांगा. ती स्वतःहून बंद करू नका.

मेंदूच्या एमआरआयबद्दल थोडक्यात. मेंदू स्वतःच दिवसरात्र ग्लुकोज खातो, त्यामुळे पेटमध्ये तो सगळाच उजळलेला असतो आणि त्या उजेडात रोगाचे लहान ठिपके हरवतात. डाय दिलेल्या एमआरआयमध्ये काही मिलिमीटरचा ठिपकाही दिसतो. नोडमध्ये रोगाची शंका असेल तेव्हा डोकेदुखी, चक्कर असे काहीही नसले तरी ही तपासणी करतात. पेसमेकर असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पर्याय वेगळे असतात, म्हणून तसे काही असल्यास आधी कळवा.

काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतात. वडिलांच्या श्वासाच्या चाचणीचे आकडे, हृदयाची स्थिती, जिने चढताना त्यांना लागणारा दम, जवळच्या केंद्रात ईबसचा असलेला हात, या सगळ्यांवर क्रम थोडा बदलू शकतो. शक्य असेल तर छातीचे सर्जन, कर्करोगतज्ज्ञ, रेडिएशनतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून चित्रे पाहतात अशा बैठकीत वडिलांचे प्रकरण ठेवायला सांगा. चौघांनी एकाच पडद्याकडे पाहून बोलणे आणि चौघांनी वेगवेगळे रिपोर्ट वाचणे यांत फार अंतर आहे.

यात दोन-तीन आठवडे जातील आणि तेवढ्यात रोग हाताबाहेर जाईल, ही आपली शेवटची काळजी. वर धरलेल्या वेगाने पाहिले तर दोन आठवड्यांत ३.४ सें.मी.ची गाठ जेमतेम १ मि.मी.ने वाढेल. स्मॉल सेल प्रकार याहून वेगाने वाढतो, आणि म्हणूनच बायोप्सी पुढे ढकलू नये. डॉक्टरांनी दिलेली तारीख तशीच ठेवा. त्या तारखेआधी पेट स्कॅनची सीडी आणि घरातली जुनी फिल्म रेडिओलॉजिस्टच्या टेबलावर पोचवा, आणि अ‍ॅड्रिनलवर ते छोटे वर्तुळ काढून आकडा सांगा एवढीच विनंती करा. त्या कामाला दोन मिनिटे लागतात. आकडा कळला की मला येथे लिहा.